नारूवाल्या बाबाची पायली

धाकट्या लेकानं परवा माजा आजारपनाचा विमा काढला. कागद दाखवत म्हनला, आये, आता घोर न्हाई, नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची पाळी आली तरी कंपनी भरंल. मी म्हनलं, चांगलं केलंस बाबा. मला वाचता येत न्हाई, तरी मी त्यो कागद हातात घिऊन बघितला. मनात आलं, आसला विमा आमच्याकडं आदीबी हुता. कागद नव्हता येवढंच. बाजरी हुती.

माजं म्हायेर पुनतांब्याचं. गोदावरीकाठचं. वाहतं पानी बघत वाढले. लगीन करून पाथर्डीच्या अंगाला आले आन् पान्याचं रूपच बदललं. गावाला एक बारव. दगडी पायऱ्या उतरत खाली जायचं, शेवटच्या पायरीवर घोट्यापातुर पान्यात हुभं ऱ्हायचं आन् घागर बुडवायची. पाऊसकाळात पानी वर यायचं, तवा बरं असायचं. उन्हाळ्यात तळाला जायचं, हिरवट व्हायचं. त्येच प्यायचं. दुसरं हुतंच कुठं?

आन् त्या गावाला नारू हुता. आताच्या पोरांना ठावं न्हाई नारू काय आसतो त्यो, म्हनून सांगते. पायाला फोड येतो. आग आग हुती, वाटतं पाय चुलीत घातलाय. फोड फुटला का आतून पांढरा दोरा डोकं काढतो. दोरा म्हंजे जित्ता किडा, हातभर लांब. त्यो बारीक काडीला गुंडाळायचा, रोज उलसा उलसा वढायचा. घाई केली आन् तुटला तर पाय सुजून भोपळा होतो, सडतो, मानूस महिनोन् महिने हातरुनावर. म्हायेरी मी हे कदी बघितलं नव्हतं. सासरी घराघरात.

त्याच्यावर आमचा विमा म्हंजी नारू काढनारा बाबा. म्हातारा, वाळका, शेजारच्या वस्तीवर ऱ्हायचा. हात लई हलका. खळं झालं का परतेक घरातून त्याला पायलीभर बाजरी जायची. त्या पायलीवर वरीसभर कुनाचाबी नारू निघू द्या, बाबा रोज येनार, दोरा गुंडाळनार, रुईचं पान गरम करून बांदनार, दुसरं काय मागनार न्हाई. पायली दिली न्हाई त्याच्याकडं बाबा यायचा न्हाई आसं न्हाई, पर सगळ्यांचं उरकून यायचा.

माज्या सासूचा, आत्याबाईंचा, डावा पाय गुडग्यात वाकत नव्हता. त्या तरुन असताना एका वर्सी त्यांच्या सासऱ्यानं पायली द्यायची टाळली. त्याच वर्सी आत्याबाईंना नारू निघाला. बाबा यायच्या आदी घरातल्याच कुनीतरी दोरा वढला, तुटला. पाय तसाच ऱ्हायला, लाकडावानी. तवापासून आत्याबाई खळ्यावर पैली पायली बाबाची भरायच्या, मग देवाची. त्यांना मी कदी नावं ठेवली न्हाईत. ज्याचा पाय गेलाय त्यालाच कळतं.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्या मालकांना नारू निघाला. उजव्या घोट्यावर. बाबा आला. बघितलं आन् म्हनला, गार पान्यात पाय सोडून बसत जा, आग बी थांबंल आन् दोरा बी लवकर भाईर यील. तसं समदेच करायचे. मालक काठी टेकत बारवंवर जायचे, पायरीवर बसून पाय पान्यात सोडायचे. त्यांच्या बाजूलाच बाया घागरी भरायच्या. मीबी भरायची. त्येच घरी आनून लेकीला पाजायची. कुनाच्या मनात काय आलं न्हाई. दुखनाऱ्या मानसाला गार वाटतंय ना, मग झालं.

दोरा निघाला, बाबानं सगळा काढला, तुटू दिला न्हाई. पर पाय चिघळला. मृग आला, मालक हातरुनावर. बाबा रोज यायचा, पान बांदायचा, जायचा. आपलं काम त्यानं चोख केलं. पेरनी मात्र मी आन् लंगडत्या आत्याबाईनं केली, मानसं लावून. पुढं पावसानं दगा दिला आन् उगवलं तेबी वाळलं, ती गोष्ट निराळी.

मालक पडून हुते तवाच एक नर्सबाई गावात आल्या. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, पायात चपला. मालकांचा पाय धुतला, मलम लावलं. मग मला म्हनल्या, पानी कुठलं पिता? मी घागर दाखवली. त्यांनी काचंचा गिलास काढला, त्यात पानी घेतलं आन् भाईर उनाकडं धरला. म्हनल्या, बघ. मी बघितलं. पान्यात बारीक बारीक काय तरी उड्या मारत हुतं. तिळाच्या कनीपेक्षा बारीक. मी घागर लांब सारली.

बाई म्हनल्या, नारूवाला पाय पान्यात गेला का दोरा आपली पिलं पान्यात सोडतो. ह्ये किडे ती पिलं खातेत, तुमी किडे पिता. वर्सानं तेच तुमच्या पायातून दोरा हून भाईर येतंय. बारवंत पाय घालू नका. आन् पानी दुहेरी फडक्यातून गाळून प्या. बस. औशीद न्हाई ह्याला दुसरं.

बाई गेल्यावर आत्याबाई हसल्या. म्हनल्या, आज प्यालेलं वर्सानं निघतंय म्हनं. आज जेवले तर वर्सानं ढेकर यील का गं मला?

मलाबी हसू आलं. पर गिलासातल्या उड्या काय डोळ्यापुढून जाईनात. त्याच दिवसापासून, पाय ठनकून मालक काठी घिऊन निघाले तरी, मी त्यांना बारवंवर जाऊ दिलं न्हाई. घमेल्यात पानी आनून द्यायची, त्यात त्यांनी पाय सोडायचा, आन् ते पानी मी लांब उकिरड्यावर फेकायची. आत्याबाई बडबडायच्या, बारव का आटली हाय, येवढं डोक्यावर वाहून आनून फेकून द्यायला. पानी गाळायला एक जुनं लुगडं घेतलं. पुढच्या फेरीला नर्सबाईंनी ते उनाकडं धरलं तर चाळनीवानी. म्हनल्या, ह्याच्यातून किडा तर जाईलच, बेडूक बी जाईल. जाडं, दाट विनीचं, नवं फडकं पायजे.

मी इचारलं, आता गाळलं तर फुडल्या वर्सी निघनार न्हाई ना? बाई खरं बोलल्या. म्हनल्या, आतापातुर पोटात गेलं आसंल त्याचं मी सांगू शकत न्हाई. इथून फुडचं तुज्या हातात हाय.

ह्ये एक वाक्य माज्या उरावर बसलं. मालक त्याच उन्हाळ्यात बारवंचं पीत हुते. लेक पीत हुती. मीबी.

मग त्यो पाऊस गेला. दिवाळीला खळं झालंच न्हाई, कनीस न्हाई तर खळं कशाचं. सरकारनं दुष्काळी काम काढलं, खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची. सगळा गाव कामावर. मालक बरे झालते, आमी दोगंबी जायला लागलो. हजेरी लागली तर हप्त्याला पैसं, आन् दुपारी खायला सुकडी, भाजलेल्या पिठाची, मिळायची. जो चालू शकत न्हाई त्याची हजेरी न्हाई, आन् नाव कटलं का जागा दुसऱ्याची. त्या वर्सी पाय म्हंजी पोट हुतं.

आन् तशात बाबाचा यायचा दिस आला. खळं नसलं तरी बाबा रिवाजापरमानं येनार हे आत्याबाईंना ठावं. त्यांनी आदल्या वर्साच्या बाजरीतली पायलीभर एका गाडग्यात निराळी काडून ठेवलीती. घरात खायला मोजकं, तरी त्या गाडग्याला हात न्हाई. माजं मन मात्र त्या गाडग्यावर. गावातल्या दुकानदाराकडं मांजरपाटाचं जाडं कोरं कापड हुतं, बाजरी घिऊन द्यायला त्यो तयार हुता. दुसरं द्यायला आमच्यापाशी काय नव्हतं.

सांजच्याला भाकरी थापता थापता मी इषय काडला. आत्याबाईंचा आवाज चढला न्हाई. त्यांनी नुस्ता आपला पाय म्होरं केला, त्यो न वाकनारा, आन् म्हनल्या, "ह्यो बघ. पायली चुकवली तवा ह्यो आसा झाला. तुज्या नवऱ्याचाबी करायचा हाय का?"

मी तवा वर बघून बोलायची न्हाई सासूफुडं. त्या दिवशी बोलले.

"आत्याबाई, बाबा निघालेला नारू काढतेत. त्यो निघूच नये म्हनून बाबाकडं काय हाय? ते माज्याकडं हाय. फकस्त फडकं पायजे."

"आन् निघाला तर?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. निघाला तर बाबाच पायजे हुता.

मालक भिंतीला टेकून बसलेले. मायलेकीच्या मधी ते कदी पडत नसत, आन् सासूसुनंच्या तर न्हाईच न्हाई. पर त्या दिवशी पायावरून हात फिरवत म्हनले, "आये, मागल्या वर्सी पायली दिली हुती. बाबा रोज आला. पर मी पेरायला उठलो का? पायली फिटली, माजा हंगाम गेला."

सकाळी बाबा दारात आला तवा मी आतच ऱ्हायले. आत्याबाईच भाईर गेल्या. म्हनल्या, बाबा, यंदा न्हाई जमायचं. बाबा म्हनला, आसू दे बाई, यंदा कुनाचंच न्हाई. आन् गेला. आत्याबाईनं आत येऊन गाडगं माज्याफुडं ठेवलं, आन् मग कैक दिवस माज्याशी बोलल्या न्हाईत. काम सांगायचं आसंल तर लेकीला सांगायच्या, तुज्या आईला सांग म्हनून. लेक बिचारी मला बघत मलाच सांगायची.

मांजरपाट आनला. दुहेरी करून शिवला. एका अंगाला लाल दोऱ्यानं टाका घातला, म्हंजी कळायचं वरची बाजू कंची. नाहीतर फडकं उलटं पडलं का गाळलेले किडे परत घागरीत. रोज धुवायचं, उनात टाकायचं. घागर आली का पैलं फडकं, मग रांजन. मालकांच्या उपरन्याच्या टोकालाबी एक तुकडा शिवला. म्हनलं, भाईर कुठं तहान लागली तर तोंडावर ह्ये धरून प्या. ते म्हनले, चार लोकांत मी तोंडाला फडकं लावून पानी पिऊ? मी म्हनलं, चार लोकांत काठी टेकत जात हुता तवा?

पीत हुते का न्हाई, मी काय सगळीकडं बघायला जात नव्हते. पर फडकं ओलं येत हुतं घरी.

कामावर मला बायांनी शेठानी नाव पाडलं. बाजारपेठेतले शेटजी पानी गाळून पितेत ना, म्हनून. मी माज्या तांब्यावर फडकं धरलं का आमची शेजारीन म्हनायची, सरका गं, शेठानीचं सोवळं मोडंल. हसायच्या समद्या. मीबी हसायची. दिसभर दगड फोडायचा आसल्यावर कुनीतरी हसायला पायजेच, मग त्या मलाच हसंनात का.

फाल्गुन सरला, चैत आला. नारूचं दिस तेच. चैतापासून आखाडापातुर ज्याला निघायचा त्याला निघतो. माजी झोप गेली. रोज दिवेलागनीला मी मालकांचे आन् लेकीचे पाय धुवायची आन् धुता धुता बघायची. घोटे, तळवे, बोटांच्या बेचकीत. कुठं लाल दिसलं का दिवा जवळ आनून बघायची. मालकांना वाटायचं बायको लई सेवा करती. एकदा म्हनलेबी, दुष्काळानं तुला मऊ केलं गं. मी म्हनलं, व्हय.

गावात एकेकाला निघायला लागला. कामावरची मानसं गळायला लागली. काल शेजारी टोपली उचलनारा आज न्हाई. मुकादम नाव कापायचा, त्याचातरी काय दोष, वाट बघत बसलेली मानसं रांगंनं हुती.

आन् वैशाखात मालकांचा पाय दुखला.

दुपारपासून लंगडत हुते, मला बोलले न्हाईत. घरी आल्यावर पाय धुवायला घेतला तर उजव्याच पायाला, जुन्या खुनंच्या जरा खाली, फोड. टच्च, लाल. हात लावला तर कळवळले. म्हनले, आग हुतीया.

मी तांब्या खाली ठेवला. रडले न्हाई. रडायचं बळ नव्हतं म्हना. मनात हिशेब लागला, आता हे पडनार, नाव कटनार, माज्या एकटीच्या हजेरीवर चार तोंडं. आन् बाबाची पायली माज्या फडक्यात गेलेली. पाय तुटलेल्या दोऱ्यानं वाकायचा ऱ्हायला तर ते माज्यामुळं. आत्याबाई दारात हुभ्या हुत्या. त्यांनी फोड बघितला, माज्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलतील. मी वाटच बघत हुते, बोला एकदाच्या म्हनून.

त्यांनी भिताडाची काठी घेतली आन् भाईर पडल्या. तसल्या पायानं वस्तीपातुर गेल्या आन् बाबाला घिऊन आल्या. वाटंत त्याला काय म्हनल्या, पायलीचं काय बोलनं झालं, ते मला आजून ठावं न्हाई.

बाबा आला तवा उजेड हुता आजून. मालकांना अंगनात बसवलं. बाबानं पाय मांडीवर घेतला, फोडावर पानी सोडलं, बोटानं दाबत दाबत चौबाजूनं बघितलं. दोरा आसला तर हाताला कातडीखाली वळवळ लागती, म्हने. लई येळ दाबलं. आमी तिघी हुभ्या, मी, आत्याबाई, लेक.

मग बाबानं कमरंची पिशवी सोडली, चिमटा काडला, फोडाचं तोंड सुईनं उकललं आन् चिमटा आत घातला. मालक वरडले. चिमटा भाईर आला तर टोकाला काळा, बोटाच्या पेराएवढा बाभळीचा काटा.

बाबानं त्यो उजेडात धरला, आत्याबाईंना दाखवला. "बाई, ह्यो नारू लई कडक हाय तुमच्याकडचा. गुंडाळता यायचा न्हाई."

आत्याबाईंच्या तोंडून पैल्यांदा मी हुंदका ऐकला. पदर तोंडाला लावून त्या खालीच बसल्या. मग हसायला लागल्या. मालक हसले. कारन न कळताच लेकबी हसली. मी मात्र हसले न्हाई, मी चुलीपाशी जाऊन बसले आन् उगीच जाळ करत ऱ्हायले. जरा येळानं उठून सुकडी आनली, बाबाफुडं ठेवली. म्हनलं, बाबा, घरात येवढंच हाय.

बाबा म्हनला, "काट्याची पायली मी घेत न्हाई, लेकी. पानी दे."

मी रांजनातलं दिलं. त्यानं तांब्या तोंडाला लावायच्या आदी फडक्याकडं बोट केलं, ह्ये त्येच का म्हनून इचारलं. मी मान हलवली. म्हनला, माज्या पोटावर पाय देनारं फडकं. पर रागानं न्हाई, गमतीनंच. तांब्या रिकामा केला, आनिक मागितला. सुकडी पदरच्या फडक्यात बांदून घेतली आन् गेला. जाताना त्याचीच एक टाच बांदलेली दिसली मला. रुईच्या पानानं.

दुसऱ्या दिवशी मालक कामावर आले. पायाला चिंधी बांदून, जरा लंगडत, पर आले. हजेरी लागली. मुकादमानं चिंधीकडं बघितलं तसं ते म्हनले, काटा हुता, काढला. मी घन उचलला आन् त्या दिवशी आसा दगड फोडला का शेजारीन म्हनली, शेठानीला आज काय झालंय. जेठात तीच शेजारीन माज्या दारी आली. तिच्या मालकाला निघाला हुता. म्हनली, तुज्या मांजरपाटातला तुकडा उरलाय का गं? उरला नव्हता. माज्या दुहेरीतलं एकेरी उसवून देता येत नव्हतं. आत्याबाईनं आपल्या ठेवनीतला एक जाडा धडपा काडून दिला आन् वर सांगितलं, लाल टाका घाल, न्हाईतर बाजू चुकती. जनू ते त्यांनीच काडलं हुतं डोक्यातून. त्या बोलत हुत्या, ह्यातच मला लई हुतं.

फुडं पीक आलं तवा आत्याबाईनं बाबाला पायली दिली. मला इचारून दिली. मी म्हनलं, द्या, आपल्याला न्हाई लागला तरी कुनाला लागतोच की. बाबा हुता तवर देत ऱ्हायलो. फडकंबी ऱ्हायलं आन् पायलीबी. नुस्त्या पायलीवर भागत न्हाई, आन् फडक्याचा गुन यायला वरीस लागतं, तवर बाबा पायजेच, इतकं मला समजलं. पुढं कैक वर्सानं बारवंच्या पायऱ्या बंद झाल्या, नळ आला, नारू गेला.

पर त्या वर्साचं सांगत हुते. आखाड आला. आखाडाच्या शेवटी नर्सबाईंची फेरी झाली. त्यांनी घरातल्या सगळ्यांचे पाय बघितले, लेकीचेबी, आत्याबाईंचा लाकडी पायबी बघितला. म्हनल्या, ह्या घरात न्हाई. आता ह्या साली निघायचा न्हाई.

त्या सांजच्याला सवयीनं मी तांब्या घिऊन अंगनात गेले. मालक पाय म्होरं करून बसले. मी म्हनलं, आज तुमचं तुमी धुवा. ते बघतच ऱ्हायले. मी आत गेले, भाकरी टाकल्या, समद्यांच्या संगं बसून खाल्ल्या. भांडी तशीच ठेवली. आत्याबाई म्हनल्या, आगं, दिवा तरी इझव. तो कुनी इझवला मला ठावं न्हाई, मला झोप लागली हुती.